कोसंबी, १९४३ की १९४४?

संदर्भसूची लावणं हे कारकुनी काम आहे आणि संशोधकानं त्यात डोकं घालू नये, हे मत आमच्या विज्ञान महाविद्यालयांत इतकं रुळलं आहे की ते मांडताना आता कुणाला कारण द्यावं लागत नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथे जिथे पीएच.डी.चं केंद्र आहे तिथे मार्गदर्शक हे विद्यार्थ्याला सांगतात आणि विद्यार्थी आपल्या मागून आलेल्यांना. पूर्वी प्रबंध बांधून देणारा दुकानदारच ‘रेफरन्सेसही लावून देतो’ म्हणायचा. नंतर झोटेरो आणि मेंडले ही संदर्भ लावणारी सॉफ्टवेअर आली. आता चॅटबॉटला विषय सांगितला की वीस संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीत, क्रमांक घालून, समोर येतात. प्रत्येक टप्प्यावर काम हलकं झालं, आणि प्रत्येक टप्प्यावर संशोधक आपल्याच यादीपासून थोडा आणखी लांब गेला. या मताचा मला प्रतिवाद करायचा आहे.

तो करताना समोरची बाजू दुबळी करून मांडायची नाही, कारण ती दुबळी नाही. २०१९ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांच्या उत्तरांवरून असं दिसलं की एका हस्तलिखिताच्या निव्वळ मांडणीवर मध्यमानानं चौदा तास जातात. वर्षाला माणशी बावन्न. एका नियतकालिकानं लेख नाकारला की दुसऱ्यासाठी तीच यादी नव्यानं लावायची. झोटेरोच्या भांडारात दहा हजारांहून अधिक शैली आहेत. कुणाला वर्ष कंसात हवं, कुणाला शेवटी. कुणाला नियतकालिकाचं पूर्ण नाव हवं, कुणाला संक्षेप. कुणी सहा लेखकांनंतर थांबतो, कुणी तिघांनंतर. यातून विज्ञानात काडीची भर पडत नाही. ज्या व्हँकुव्हर पद्धतीनं आज विद्यार्थी गांजतात ती मुळात त्यांचा त्रास वाचवायलाच निघाली होती. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले, ते लेखकांना प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीनं यादी टंकावी लागू नये म्हणून. एल्सेव्हिअरसारख्या प्रकाशकानंही २०११ पासून पहिल्या फेरीत कुठल्याही शैलीतली यादी चालेल अशी सोय काही नियतकालिकांत सुरू केली. हे सगळं मला मान्य आहे. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा ठसा कुठे, हे यंत्रानं करावं. त्यासाठी कुणाची रात्र जाऊ नये.

घसरण याच्या पुढे आहे. नोंदीचं रूप यंत्राकडे दिलं की नोंदीचा खरेपणाही त्याच्याकडे गेला, असं गृहीत धरलं जातं. ही दोन कामं एकाच यादीवर होतात म्हणून ती एकच वाटतात. ती एक नाहीत, आणि दुसरं काम कुठल्याही यंत्राला आजवर जमलेलं नाही. त्यासाठी परदेशी उदाहरण शोधायला नको, घरचंच आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी महाराष्ट्राला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. जगभरच्या पीक-पैदासकारांना ते दुसऱ्याच कारणानं माहीत आहेत. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून काढायचं एक सूत्र त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना दिलं. हाल्डेननं १९१९ मध्ये असं सूत्र दिलं होतं, पण त्यात गुणसूत्रांत एका जागी झालेली देवघेव शेजारच्या जागी होणाऱ्या देवघेवीला अडवत नाही असं मानलं होतं. प्रत्यक्षात ती अडवते. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरला. आज भाताचा, गव्हाचा किंवा हरभऱ्याचा जनुकनकाशा तयार करताना सॉफ्टवेअर विचारतं, हाल्डेन की कोसंबी? बरेच जण कोसंबी निवडतात आणि मग संदर्भसूचीत त्या चार पानांच्या लेखाची नोंद करतात: ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’, खंड १२, पानं १७२ ते १७५.

आणि वर्ष? जनुकशास्त्राच्या याद्या चाळल्या तर कुठे १९४४ दिसेल, कुठे १९४३. खंड १२ युद्धाच्या वर्षांत भागाभागानं निघाला आणि १९४३ ते १९४५ अशी वर्षं त्याच्या नावावर आहेत. या लेखाला पुढे जो डीओआय हा डिजिटल ओळख क्रमांक मिळाला त्याच्या पोटात १९४३ हा आकडा आहे. जुने पैदासकार १९४४ लिहीत आले. परिणाम असा होतो की विद्यार्थी मजकुरात मार्गदर्शकाच्या जुन्या लेखातून उचलून ‘कोसंबी, १९४४’ लिहितो, सॉफ्टवेअर डीओआयवरून नोंद आणतं ती १९४३ ची, आणि एकाच हस्तलिखितात एका लेखाचे दोन लेख होतात. यातलं कुठलं वर्ष ठेवायचं हे ठरवायला तो भाग प्रत्यक्ष केव्हा निघाला हे पाहावं लागतं. यंत्र ते पाहत नाही. ते एका नोंदीवरून दुसरी नोंद करतं आणि पहिली चुकली असेल तर ती चूक सुबकपणे मांडून देतं.

हाच लेख काही शोधनिबंधांच्या यादीत ‘ॲन्युएर ऑफ युजेनेटिक्स’ या नियतकालिकात दाखवलेला सापडतो. अर्ध फ्रेंच, अर्ध इंग्रजी वाटणारं हे नाव या लेखाच्या नियतकालिकाचं कधीच नव्हतं. कोसंबींचा लेख ज्यानं स्वतः उघडला त्याच्या हातून हे नाव लिहिलं जाणं शक्य नाही. कुणीतरी कुठल्या तरी संक्षेपाचा विस्तार अंदाजानं केला आणि पुढच्यांनी तो उतरवून घेतला. खंड बरोबर, पानं बरोबर, नियतकालिक खोटं. मूळ ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’चं नाव १९५४ पासून ‘ॲनल्स ऑफ ह्युमन जेनेटिक्स’ झालं, म्हणून हौसेनं नवं नाव घालणारेही असतात. तेही चूकच. लेख ज्या नावाखाली छापला गेला तेच नाव यादीत राहायला हवं, मग ते नाव आज कितीही अप्रिय असो.

अशा उतरवून घेतलेल्या चुकांवरून सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एक हिशेब मांडला. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचे ४,३०० संदर्भ त्यांनी तपासले. १९६ नोंदींत छापाची चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एक चुकीचा पान क्रमांक तर ७८ वेळा जसाच्या तसा आला होता. स्वतंत्रपणे चुकणारी ७८ माणसं एकाच आकड्यावर चुकत नाहीत. यावरून त्यांचा अंदाज असा की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एकच मूळ लेख वाचतो. आकड्यावर वाद घालता येईल. पद्धत एका लेखापुरती आहे हेही खरं. पण ‘कारकुनी चुका’ म्हणून ज्यांच्याकडे आपण काणाडोळा करतो त्या चुकाच इथे पुराव्याचं काम करतात. कोण वाचून लिहितो आणि कोण न वाचता, हे पान क्रमांकाच्या चुकीनंच उघड केलं.

आता नावाकडे येऊ, कारण मराठी माणसाच्या बाबतीत खरा घोळ तिथे आहे. व्हँकुव्हर पद्धतीत आडनाव आणि आद्याक्षरं. ‘कोसंबी डी’ अशी नोंद दिसली तर ती कुणाची? दामोदर कोसंबींची असेल, नाही तर त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांची. पालीचे थोर पंडित धर्मानंद यांनी संपादित केलेला ‘विसुद्धिमग्ग’ भारतीय विद्या भवनानं १९४० मध्ये प्रसिद्ध केला. याच भवनाचं महाविद्यालय आज अंधेरीत आहे. आणि मुलगा केवळ गणितातच होता असंही नाही. १९४८ मध्ये दामोदररावांनी भर्तृहरीच्या शतकांची संपादित आवृत्ती काढली. म्हणजे विषयावरूनही वेगळं करता येत नाही: दोघेही ‘डी’, दोघेही प्राचीन ग्रंथांचे संपादक. दुसरं ‘डी’ गळलं की मुलाचं काम बापाच्या खात्यात जातं. त्यातच दामोदररावांनी काही गणिती लेख ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावानं छापले. घरातल्या तिसऱ्या पिढीच्या मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ. मुंबईच्या वाढीवर त्यांचा ग्रंथ आहे आणि आजोबांच्या लेखनाचं संपादन-भाषांतरही त्यांनी केलं. त्या पुस्तकाची नोंद करताना लेखक कोण आणि संपादक कोण हे सॉफ्टवेअरनं उलटं केलं तर आजोबा अदृश्य होतात.

कमला सोहोनींचं उदाहरण मला याहून जास्त टोचतं. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. केंब्रिजची ती पदवी १९३९ ची, आणि तेव्हा त्या कमला भागवत होत्या. १९४७ मध्ये लग्न झालं, त्या मुंबईला विज्ञान संस्थेत आल्या. आधीचे लेख ‘भागवत के’, नंतरचे ‘सोहोनी के’. १९५४ मध्ये भारतीय अन्नपदार्थांतल्या ट्रिप्सिनरोधकांवर निघालेला लेख सोहोनी आणि भांडारकर यांचा आहे. संदर्भ मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. एकीची कारकीर्द अर्ध्यावर थांबली, दुसरीची कुठून तरी मध्येच सुरू झाली. आजही आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलणाऱ्या संशोधिकांचं असंच होतं. त्यांच्यासाठी २०१२ पासून ऑर्किड या सोळा आकडी ओळख क्रमांकाची सोय आहे, पण जुन्या पिढीला तो कोण देणार? तिथे फक्त यादी लावणाऱ्या माणसाचं ज्ञान कामी येतं. ‘कारकुनी’ हा शब्द वापरणाऱ्यांनी सांगावं की हे ज्ञान कुठल्या कारकुनाकडे असतं.

आणखी एक खास आमच्या शहराची गोष्ट. १९९५ मध्ये शहराचं अधिकृत नाव मुंबई झालं. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर विद्यार्थी ‘बॉम्बे’ शोधून सगळीकडे एका फटक्यात ‘मुंबई’ करतो. मजकुरात ते ठीकच. पण त्याच फटक्यात ‘जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ हे १८८६ पासून चालत आलेलं नियतकालिक ‘मुंबई नॅचरल हिस्टरी’चं होतं आणि पवईची आयआयटी ‘मुंबई’ची. आपल्या राष्ट्रीय उद्यानावरचे जुने अहवाल ‘बोरिवली नॅशनल पार्क’ या नावानं आहेत. त्यांच्या शीर्षकात ‘संजय गांधी’ घातलं की तो अहवाल कुठल्याच ग्रंथालयात सापडणार नाही. महापालिकेच्या अहवालाचं तर विचारू नका. संस्थेचं नाव माणसाच्या रकान्यात भरलं की सॉफ्टवेअर त्यातून आडनाव काढतं, आणि बृहन्मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशन ‘कॉर्पोरेशन बी एम’ म्हणून यादीत उभं राहतं. संक्षेप केला तरी सुटका नाही: आपल्याला बीएमसी म्हणजे पालिका, आणि वैद्यकातल्या संशोधकाला बीएमसी म्हणजे बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाची नियतकालिकं.

कंस आणि स्वल्पविराम निरर्थक असतात, हेही सरसकट खरं नाही. प्राणिशास्त्रात ते निरर्थक नसतात. बोरिवलीच्या जंगलातल्या बिबट्याचं शास्त्रीय नाव लिहिताना पुढे लिनियस आणि १७५८ हे कंसात लिहितात. माणसाच्या नावापुढे तेच लिनियस, तेच १७५८, पण कंसाविना. कंसाचा अर्थ असा की लिनियसनं ही जात वेगळ्या प्रजातीत ठेवली होती आणि नंतर कुणीतरी ती हलवली. बिबट्याला त्यानं ‘फेलिस’मध्ये घातलं होतं, आज तो ‘पँथेरा’त आहे. माणूस जिथे ठेवला तिथेच आहे. एका कंसात वर्गीकरणाचा इतिहास मावतो, आणि यादी ‘स्वच्छ’ करणारा ऑपरेटर तो कंस पुसून टाकतो.

यंत्रावर पूर्ण भरवसा ठेवणाऱ्यांचं यावर उत्तर असतं की यंत्र सुधारतंय. सुधारतंय, यात शंका नाही. मागे घेतलेला लेख यादीत असेल तर झोटेरो आता स्वतः इशारा देतं. हे कुठल्याही मार्गदर्शकाला इतक्या झटकन जमलं नसतं. पण यंत्रानं नोंद निर्दोष दिसेल अशी केली म्हणून तिच्यामागे लेख असतोच असं नाही. व्हॅन डेर गीर, हानराड्स आणि लप्टन या तिघांचा ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ हा २००० सालचा लेख सुमारे चारशे ठिकाणी संदर्भ म्हणून दिलेला आहे. असा लेख कधी छापलाच गेला नाही. संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एल्सेव्हिअरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत ती नोंद होती. लेखकांनी साच्यात आपला मजकूर भरला आणि नमुन्याची ओळ पुसायची राहिली; काहींनी तर ती मजकुरात जोडूनही दिली. ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये हा प्रकार लोकांपुढे आणला. चारशे हस्तलिखितं, त्यांचे लेखक, परीक्षक, संपादक, आणि कुणाच्याही नजरेला ती ओळ खुपली नाही, कारण तिचं रूप अगदी बरोबर होतं. रूप बरोबर असणं ही तर तिची एकमेव पात्रता होती.

चॅटबॉट नेमकं हेच करतो, फक्त घाऊक. वॉल्टर्स आणि वाइल्डर यांनी २०२३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये तपासणी छापली: जीपीटी-३.५ नं दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के बनावट, जीपीटी-४ चे १८ टक्के. सुधारणा झाली, हे मी पुन्हा कबूल करतो. पण पाचातला एक खोटा असणारी यादी जास्त धोक्याची असते, कारण पहिले चार तपासून माणूस निर्धास्त होतो. आणि ही गोष्ट प्रयोगशाळेच्या भिंतींआड राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीवरचा प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्दबातल केला, कारण त्या आदेशात आधाराला घेतलेले तीन न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. अशा निवाड्यांवर विसंबण्यापूर्वी ते ताडून पाहायला हवेत, हे न्यायालयाला अधिकाऱ्यांना सांगावं लागलं. न्यायालयात निदान समोर विरुद्ध पक्षाचा वकील असतो. प्रबंधाच्या यादीसमोर कोण असतं?

इथे एखादा जाणकार मला अडवील: तुमच्या कोसंबींनीच खोटा संदर्भ दिला होता की! दिला होता. १९३१ च्या सुमारास त्यांनी ‘बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं सामान्यीकरण’ अशा शीर्षकाचा लेख उत्तर भारतातल्या एका विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापला. त्यातला डी. बूर्बाकी हा क्रांतीच्या काळात विषप्रयोगानं मेलेला, फारसा परिचित नसलेला रशियन गणितज्ञ असल्याचं सांगितलं होतं. असा माणूस झालाच नाही. कल्पना अलीगढला तेव्हा त्यांच्यासोबत असलेल्या आंद्रे वेइलची. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटानं हेच नाव घेऊन मोठं काम केलं, म्हणून हा किस्सा कौतुकानं सांगितला जातो. मला त्याचं कौतुक नाही. थट्टा म्हणून का होईना, वाचणाऱ्याला नसलेल्या वाटेवर पाठवलं होतं. पण त्यात आणि आजच्या प्रकारात मोठा फरक आहे. कोसंबींना माहीत होतं की बूर्बाकी नाही. त्यांनी ते स्वतःच्या नावानं छापलं, आणि म्हणून आज आपण बोट ठेवून सांगू शकतो की हे कुणी, केव्हा, का केलं. चॅटबॉटकडून यादी घेणाऱ्याला आपल्या यादीत किती बूर्बाकी आहेत हेच ठाऊक नसतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नोंद अचूक असली म्हणून संदर्भ प्रामाणिक होतो का? नाही होत. १० जानेवारी १९८० ला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली, एवढंच ते पत्र म्हणत होतं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात त्याच्या ६०८ संदर्भांची छाननी झाली. ७२ टक्क्यांहून अधिक ठिकाणी ते ‘या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि जवळजवळ ८१ टक्के लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलंच नव्हतं. अमेरिकेत त्या औषधांनी पुढे काय केलं ते जगानं पाहिलं. खंड ३०२, पान १२३: ही नोंद बिनचूक लावणं मुळीच अवघड नव्हतं. पण हे उदाहरण माझ्याविरुद्ध जात नाही. पत्र अर्ध्या मिनिटात वाचून होतं. ज्यानं नोंद तपासायला पत्र उघडलं असतं त्याला ‘रुग्णालयात दाखल’ हे शब्द टाळताच आले नसते. यादी दुसऱ्यानं लावली की ते अर्धं मिनिटही जातं.

आणि ज्याची नोंदच होत नाही त्याचं काय होतं, तेही कोसंबींच्याच बाबतीत दिसतं. १९४३ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या सातव्या खंडात त्यांचा ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ हा लेख आला. त्यातली कल्पना नंतर कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि पाठ्यपुस्तकांत ती त्या दोघांच्या नावानं स्थिरावली. चित्रं आणि संकेत आटोपशीर करण्यापासून प्रवाही पदार्थांच्या अभ्यासापर्यंत ती आज सर्रास वापरली जाते. त्या दोघांचा यात दोष नाही. पण नंतरच्या हजारो लेखकांनी एकमेकांच्या याद्या उतरवल्या आणि भारतीय नियतकालिकातला तो लेख कुणाच्या यादीत नव्हता म्हणून कुणाच्याच यादीत आला नाही. अलीकडे काही जण तिन्ही नावं जोडून लिहितात. ज्यांनी ते सुरू केलं ते मूळ खंडापर्यंत गेले होते.

आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेनं मात्र या कामाकडे पाठच फिरवली आहे. वाङ्मयचौर्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. साम्य मोजताना संदर्भसूची वगळायची, असं त्याच नियमांत आहे. ते योग्यच आहे, कारण दोघांनी एकच लेख वाचला तर नोंद सारखीच असणार. पण त्यामुळे झालं असं की अख्ख्या प्रबंधातला जो भाग कुणीही, कशानंही तपासत नाही तो म्हणजे यादी. मार्गदर्शक म्हणतो सॉफ्टवेअरनं केली आहे. सॉफ्टवेअर तिला वगळतं. परीक्षक पानं मोजतो. त्यातच आयोगानं मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि दर्जा ठरवायचं काम संस्थांवर सोपवलं. म्हणजे ते आता महाविद्यालयातल्या माणसांवर आहे.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. शैलीसाठी गुण कापू नयेत; यादी कुठल्याही एका पद्धतीत असली की पुरे, स्वल्पविराम झोटेरोवर सोडावेत. त्याऐवजी प्रबंध जमा होण्यापूर्वी विभागात एक दिवस ठेवावा. दुसऱ्या विषयाच्या एखाद्या शिक्षकानं यादीतले कुठलेही दहा संदर्भ निवडावेत आणि विद्यार्थ्यानं त्या दहांचे मूळ लेख उघडून दाखवावेत: हे लेखक, हे वर्ष, हे पान, आणि मी म्हणतो ते वाक्य इथे आहे. मूळ मिळालंच नसेल तर ‘अमुक लेखातून उद्धृत’ असं लिहावं. त्यात कमीपणा काही नाही. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकानं हेच पुन्हा करावं. ज्याच्या यादीत कोसंबी असतील त्याला १९४३ की १९४४ हे विचारावं, आणि कुठलंही उत्तर चालवून घ्यावं, फक्त त्यानं ते कुठे पाहिलं हे त्याला सांगता आलं पाहिजे.

दीडशे संदर्भांच्या प्रबंधाला हे झेपणार नाही, असं मार्गदर्शक म्हणतील. मग विद्यार्थ्याला साठच संदर्भ देऊ द्यावेत. त्याच्याकडून उरलेल्या नव्वदांची अपेक्षा कोण करतं, तर आपणच.